बुडाखालचे पाच आकडे

मित्रांनो, सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या एका अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या कपाटावर ज्याला येणारे-जाणारे पाहुणे "वॉव, किती अँटिक!" म्हणतात, तो मी एक जुना तांब्या आहे. अँटिक म्हणजे काय ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. पण दोन वर्षं माझ्यात मनीप्लांट लावला होता, एवढं सांगितलं तरी माझी काय दशा झाली असेल ते तुम्हांला समजेल. ज्या तोंडाला शिपायानं तोंड लावून पाणी प्यायलं, त्या तोंडात माती! असो. रागावून सांगायला बसलो तर गोष्ट राहून जाईल. मी तांब्याचा आहे, चटकन तापतो. सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. एका तांबटानं पत्रा तापवला, वळवला आणि हातोडीनं ठोकून ठोकून माझ्या अंगभर मठाराचे ठिपके उठवले. तेव्हा फार दुखलं. पण त्या ठोक्यांनीच मी इतका टणक झालो, की नव्वद वर्षांत मला एकदाच पोचा आला. तो कुणामुळे आला, ते पुढं सांगतो.

मला विकत घेतलं देवरुखच्या तुकाराम नाचणे यांनी. त्यांचा मुलगा पद्माकर व्हर्नाक्युलर फायनल पास झाला होता, त्याचं हे बक्षीस. त्या काळी भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचीच रीत होती. लग्नकार्यात भांडी चार घरं फिरतात, नाव नसेल तर परत कशी यायची? नाव घालणाऱ्यानं टकटक करत माझ्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी तीन शब्द उमटवले. पद्माकर तुकाराम नाचणे. आधी मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. हे तीन शब्द लक्षात ठेवा बरं का. पुढं सगळं घोडं तिथंच अडलं.

तुकाराम लवकर गेले. मागं राहिली त्यांची बायको सगुणाबाई, पद्माकर आणि त्याच्याहून सोळा वर्षांनी धाकटी द्वारका. पद्माकर पुण्यात मोटारदुरुस्ती शिकला आणि इंग्रजांच्या पलटणीत मेकॅनिक म्हणून भरती झाला. इंग्रजांची पलटण त्याला आवडत होती असं नाही. पण घरी दोघी त्याच्या तोंडाकडे बघून होत्या, आवडनिवड कुणाला परवडणार?

तो निघाला त्या दिवशी चार वर्षांची द्वारका मला पोटाशी धरून बसली. "दादाचा तांब्या मी नाही देणार!" झाली ओढाताण, आणि मी ओट्यावरून धाडकन खाली! माझ्या पोटाला पोचा आला तो असा. शेजारणी लगेच कुजबुजल्या, जाताना तांब्या पडला, लक्षण काही बरं नाही. सगुणाबाई फटकळ. म्हणाली, "तांब्या पडलाय, माझा मुलगा नाही पडला." आणि रडणाऱ्या पोरीला तिनं जवळ ओढलं.

बोटीनं आम्ही सिंगापूरला आलो. बराकीत शंभर शिपाई आणि शंभर तांबे-लोटे, त्यामुळे सकाळी नळावर रोज भांडणं. माझ्या गळ्यातली अक्षरं तिथं किती जणांना वाचता येणार? मग एके दिवशी पद्माकरनं मला उपडं केलं आणि कानशीच्या टोकानं बुडाखाली आपला पलटणीतला नंबर कोरला. पाच, एक, सात, शून्य, आठ. तोही इंग्रजी आकड्यांत, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. "आता कोण पळवतो बघू," म्हणाला. पाणी पिताना त्याचा अंगठा नेमका माझ्या पोच्यात बसायचा. त्याला ती सवयच लागली.

पुढं इंग्रज इथं जपान्यांपुढं हरले, आणि आपले हजारो शिपाई कैदी झाले. मग देशाच्या स्वातंत्र्यासाठी आझाद हिंद सेना उभी राहिली, तेव्हा पद्माकर आपणहून रांगेत जाऊन उभा राहिला. मी त्याच्या कमरेच्या पिशवीत होतो. टेबलामागच्या कारकुनानं नाव विचारलं. पद्माकर. बापाचं नाव विचारलं. तुकाराम. कारकुनानं नंबर टिपला आणि पुढच्याला हाक मारली. आडनाव कुणी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. छाती मात्र अशी फुगली होती, की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी!

दोन वर्षं त्यानं फौजेच्या ट्रकांची इंजिनं उघडली आणि जोडली. आघाडीवर जायचा त्याचा नंबर लागला, आणि त्याच आठवड्यात त्याला थंडीतापानं गाठलं. छावणीच्या इस्पितळात त्याचा फौजेतला सोबती, खेडचा हुसेन मुल्ला, त्याच्या उशाशी बसून माझ्यातून घोटघोट पाणी पाजायचा. औषध संपलं होतं. शेवटचा घोट त्यानं माझ्यातूनच घेतला. हुसेनला म्हणाला, "तांब्या आईकडे पोचव. आणि द्वारकीला सांग, पोचा काढू नका. त्यात अंगठा ठेवला की मला घरी बसल्यासारखं वाटतं."

मित्रांनो, शिपाई गोळीनंच मरावा असं कुठं लिहिलंय का? तो देशासाठी गेला. मी होतो तिथं, मी पाहिलं.

हुसेननं शब्द पाळला. लढाई संपल्यावर सुटून आला, तो आपल्या घरी जायच्या आधी देवरुखला आला. सगुणाबाईनं मला हातात घेतलं, पोच्यावरून बोट फिरवलं, आणि त्याला एका शब्दानंही काही विचारायच्या आधी जेवायला वाढलं. मग त्यानं सगळं सांगितलं. कुठं गेला, कसा गेला, पोच्याबद्दल काय म्हणाला. तारीख तेवढी त्याला आठवेना, आषाढ होता एवढंच. तो उठून गेल्यावर ती माउली मला मांडीवर घेऊन जी रडली, ते मी सांगू शकत नाही. पुढं हुसेन बोटीवर नोकरीला लागला, आणि काही वर्षांनी तोही गेला.

गावाचं तोंड कोण धरणार? "पळाला असेल," म्हणायचे. "तिकडंच बायको करून राहिला असेल. फौजेत मेला म्हणता, मग कागद कुठाय?" माझा नुसता संताप व्हायचा. एवढं मोठं तोंड देवानं दिलं, पण बोलायची सोय ठेवली नाही!

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन द्यायचं ठरवलं. शहीद झालेल्याच्या आईलाही मिळणार होतं. सगुणाबाईची सत्तरी उलटलेली. पैसे नको होते असं मी म्हणणार नाही, चांगलेच हवे होते, घरात चहाला गूळ चालू होता. पण तिला पैशाहून जास्त हवा होता तो कागद. माझा मुलगा पळाला नाही, देशासाठी मेला, असं शिक्क्यानिशी सांगणारा.

द्वारका तेव्हा लग्न होऊन डोंबिवलीला होती. ती मुद्दाम येऊन आईला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेली. अर्ज भरताना एक रकाना आला. मुलाचा मृत्यू कोठे व केव्हा झाला? सगुणाबाई म्हणाली, सिंगापूर, आषाढात. कारकून वाईट नव्हता, पण म्हणाला, "आजी, ऐकीव लिहू नका, अर्ज उडेल. पुरावा मिळाला की भरू." रकाना मोकळा राहिला. खाली तिचा अंगठा.

चौदा महिन्यांनी उत्तर आलं. 'नाचणे या आडनावाची नोंद यादीत आढळून येत नाही.' पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुणीतरी सुचवलं, शिपायाचा नंबर कळवा, नंबरावरून सापडेल.

आता ऐका गंमत. गंमत कसली, माझं दुर्दैव! मी समोरच्या फळीवर बसलेलो, नंबर माझ्या बुडाखाली, आणि मायलेकी एकमेकींकडे बघताहेत. "दादाचा नंबर काय होता गं?" "मला बाई काय ठाऊक?" द्वारकानं मला किती वेळा राखेनं घासलं असेल! ते आकडे तिनं शंभरदा पाहिले होते. पण आपल्याकडे भांडं विकताना कासार बुडाखाली वजनाचे आकडे टाकतो, हे शेंबडं पोरही जाणतं. तिला वाटलं, वजनच असेल. अगं बाई, वजन? पाच आकडी वजन असायला मी तांब्या आहे की रांजण?

तिसरा नकार आला तेव्हा सगुणाबाईनं अर्जाची अंगठा उठवलेली नक्कल गुंडाळून माझ्या तोंडात घातली आणि मला लेकीच्या हातात दिलं. "द्वारके, एवढा रकाना भरायचा राहिलाय. मी भरेन असं आता वाटत नाही. तू भर." त्या हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर माझी रवानगी डोंबिवलीला, पलंगाखालच्या ट्रंकेत. स्टीलचे दिवस आले होते, तांब्याला कोण विचारतो? अर्ज मात्र द्वारकानं काढून आपल्या पोथीत ठेवला. गोष्ट ती कुणाला सांगत नसे. माझ्यावर हिरवट थर चढत गेला, आणि मला वाटलं, संपलं आता.

मग तिची नात अनघा सिंगापूरला नोकरीला निघाली. अनघा हिशेबतपासनीस, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. ट्रंक उघडून द्वारकाआजीनं मला तिच्या बॅगेत ठेवलं. म्हणाली, "याला ने. तो सिंगापूर बघून आलाय, तुला सोबत होईल." अनघाला वाटलं, आजी थट्टा करतेय. ती हसली, आणि मी ऐंशी वर्षांनी विमानानं इथं परत आलो. आणि मनीप्लांट झालो!

गेल्या वर्षी आजी दोन महिन्यांसाठी इथं आली. वय एकोणनव्वद, कंबर वाकलेली, जीभ शाबूत. चपला काढल्या, पाणी घेतलं आणि कपाटाकडे पाहिलं.

"अनघा, तांब्यात झाड?"

अनघाची दहा वर्षांची मुलगी जाई कौतुकानं, इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली, "पणजी, सो प्रिटी, ला!"

आजी रागावली नाही. मला तेच जास्त लागलं. तिनं झाड मुळांसकट हलकेच काढून एका डब्यात लावलं, मला सिंकमध्ये नेलं आणि चिंच मागितली. चिंच, मीठ, आणि तिचे ते सुरकुतलेले हात! काय सांगू मित्रांनो, अंग कसं हलकं झालं. गळ्यातलं नाव उजळलं, बूड लखलखलं.

"पणजी, खाली फोन नंबर आहे," जाई ओरडली.

"नाही गं सोन्या, ते कासाराचं वजन."

म्हटलं, झालं! आता ही पाचवी पिढीसुद्धा वजनच म्हणणार.

पण त्याच आठवड्यात आजीला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं काय घडलं ते जाईनं घरी येऊन सगळी नक्कल करून दाखवलं, म्हणून मला कळलं. कागदावर आजीचं नाव आडनावापासून सुरू होत होतं. घाग द्वारका पांडुरंग. खिडकीतल्या बाईंनी शेवटचा शब्द उचलला आणि हाक मारली, "मॅडम पांडुरंग!" कुणी उठेना. पुन्हा "मॅडम पांडुरंग!" अनघा म्हणाली, "आजी, ऊठ, तुलाच बोलावताहेत."

"मला? अगं पांडुरंग तुझे आजोबा! ते जाऊन बावीस वर्षं झाली. आता कुठून उठून यायचे गोळ्या घ्यायला?"

नक्कल करताना जाई लोळून हसत होती. आजी मात्र हसत नव्हती. तिनं मला टेबलावर घेतलं आणि माझ्या गळ्यातल्या तीन शब्दांवरून एकेक करत बोट फिरवलं. मधल्या शब्दावर ते थांबलं.

"अनघा, इथं मला पांडुरंग म्हणतात. मग माझ्या दादाला काय म्हणत असतील?"

"कोण दादा?"

तेव्हा आजीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. पोचा, हुसेन, तीन नकार, मोकळा रकाना. सोबत आणलेल्या पोथीतून पिवळा पडलेला अर्ज काढून तिच्या हातात दिला. अनघाचे डोळे भरून आले. "आजी, मला कधीच का नाही गं सांगितलंस?"

"लोक हसायचे. चार वेळा हसले की माणूस बोलायचं सोडून देतं."

अनघानं मला उचललं. तिचा सगळा दिवस आकडे तपासण्यात जातो. बुडाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आजी, तुमच्या वेळचा कासार वजन कशात लिहायचा?"

"शेर-छटाकात. आणि आकडे आपले, मराठी."

"मग हे इंग्रजीत का? आणि पाच आकडे?"

दोघींची डोकी माझ्या बुडावर वाकली. आणि मी? मला नाचता येत असतं तर टेबलावर गिरकी घेतली असती! बुडाखाली हात घालून कुणीतरी विचारलं होतं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा!

शनिवारी अनघानं मला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही तिघं एमआरटीच्या गाडीनं शहरातल्या एका जुन्या कागदपत्रांच्या वाचनालयात गेलो. दारात पहारेकऱ्यानं पिशवी तपासली. "हे काय आहे मॅम?" अनघा उत्तर शोधत होती, तेवढ्यात आजीनं आपल्या इंग्रजीत सांगून टाकलं, "माय ब्रदर." पहारेकऱ्यानं एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे पाहिलं, आणि मान लववून आत सोडलं.

आतल्या चष्मेवाल्या चिनी बाई फार मायाळू. त्यांनी त्या छावणीच्या इस्पितळाच्या नोंदवहीची छायाचित्रं पडद्यावर उघडली. नाचणे शोधलं. नाही. आजीचा हात माझ्यावर घट्ट झाला. ती मनात म्हणत असणार, चौथा नकार.

"तुकाराम बघा," अनघा म्हणाली.

तुकाराम तीन निघाले. पहिला नांदेडकडचा. दुसऱ्याचं पान फाटलेलं. तिसऱ्या ओळीवर बाईंनी बोट ठेवलं. पद्माकर तुकाराम, मेकॅनिक, थंडीताप. अकरा जुलै एकोणीसशे चव्वेचाळीस. शेजारी नंबर.

"तुमच्याकडे नंबर आहे का?" बाईंनी विचारलं.

आजीनं टॉवेल सोडला आणि मला टेबलावर उपडं ठेवलं. बाई एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेल्या, अनघा पडद्यावर जुळवत गेली. पाच. एक. सात. शून्य. आठ.

"सापडलास रे दादा!" आजी त्या शांत दालनात केवढ्यानं ओरडली! कुणी तिला गप्प केलं नाही. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला, टोपी काढून. बाईंनी पानाची नक्कल काढून त्यावर शिक्का मारून दिला. शिक्का! सगुणाबाईला हवा होता तसा, गोल, जांभळा.

घरी आल्यावर आजीनं अर्ज टेबलावर पसरला आणि पेन मागितलं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. पन्नास वर्षं मोकळ्या राहिलेल्या त्या रकान्यात तिनं लिहिलं, सिंगापूर, ११ जुलै १९४४. खाली तिच्या आईचा अंगठा तसाच होता.

"आजी, पण आता तुझ्या आईला पेन्शन तर नाही ना मिळणार," अनघा हळूच म्हणाली.

"नाही मिळणार. मिळायला हवं होतं. पण तिनं मला एक काम सांगितलं होतं, ते आज झालं."

अनघानं नवा अर्ज लिहिला. पद्माकरचं नाव यादीत घाला, आणि तिन्ही शब्दांनिशी घाला, एवढीच मागणी. अर्ज मिळाला, तपासणी सुरू आहे, असं उत्तर आलंय. आजी म्हणते, तीन नकार पचवले, आता होकाराची वाट बघायला मजा येते. देवरुखला तिनं शिक्क्याच्या पानाची नक्कल आधीच धाडली, आणि तिथल्या शाळेत एका सकाळी गुरुजींनी ती सगळ्या मुलांना वाचून दाखवली. पळाला म्हणणाऱ्यांची पतवंडं त्यात होतीच.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं जुनं भांडं टाकायच्या आधी एकदा उलटं करून बघा. आणि घरातलं जुनं माणूस गप्प बसलं असेल, तर त्याला आधी विचारा. आम्हां तांब्यांना बोलता येत नाही. त्यांना येतं, फक्त विचारणारं कुणी हवं असतं.

आजी परत गेली त्या दिवशी अनघा म्हणाली, "याचा पोचा काढून घेऊ का? इथं करून देणारे आहेत." आजीनं बॅगेची चेन लावता लावता सांगितलं, "अजिबात नाही. दादाचा निरोप आहे."

आता माझ्यात माती नसते, पाणी असतं. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी जाई मला दोन्ही हातांनी उचलते, गळ्यातले तीन शब्द अडखळत, पण पुरे वाचते, आणि घटाघटा पाणी पिते. तिला कुणी शिकवलेलं नाही, तरी तिचा अंगठा बरोब्बर माझ्या पोच्यात बसतो.